चार घरांतला ताप: साथ आली हे कळतं कसं?

"आमच्या आळीत चार घरांत ताप आहे. साथच आली म्हणायची ना?" पावसाळ्यात डॉक्टरांना हा प्रश्न रोज ऐकावा लागतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: "मग सरकारी दवाखान्यातून अजून कुणी कसं आलं नाही?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. साथ जाहीर झाल्याची बातमी आपण वाचतो तेव्हा तिच्यामागे आठवड्याभराच्या तरी नोंदी, नमुने आणि फोन झालेले असतात. हे काम कसं चालतं आणि त्यातून तुमच्या गावच्या डॉक्टरांच्या हाती काय पडतं, ते या प्रकरणात पाहू.

१. किती रुग्ण झाले की साथ?

याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. एखाद्या ठिकाणी, ठरावीक काळात, नेहमी असतात त्यापेक्षा स्पष्टपणे जास्त रुग्ण आढळले की तिला साथ म्हणतात. या व्याख्येतला सगळा जोर 'नेहमी' या शब्दावर आहे.

घरच्या वीजबिलाचं उदाहरण घ्या. बिल जास्त आलं हे आपल्याला कळतं, कारण नेहमी किती येतं ते ठाऊक असतं. मे महिन्याचं बिल आपण जानेवारीच्या बिलाशी लावून पाहत नाही, मागच्या मे महिन्याशी लावतो. उन्हाळ्यात पंखे चालणारच. रोगांचंही तसंच आहे. जुलैमध्ये जुलाबाचे रुग्ण वाढतात, त्यात नवल नाही. म्हणून या जुलैची तुलना मागच्या जुलैंशी करायची.

एक काल्पनिक हिशेब करू. तीस हजार लोकवस्तीच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जुलाबाचे रुग्ण आले. मागच्या पाच वर्षांतले आकडे ९, १४, ११, १२ आणि ९. बेरीज ५५, सरासरी ११, सर्वांत मोठा आकडा १४. यंदा त्याच आठवड्यात १३ आले तर वैद्यकीय अधिकारी पुढच्या आठवड्याकडे लक्ष ठेवतील. २६ आले तर त्याच दिवशी गाडी काढून निघतील. आणि हेच १३ रुग्ण फेब्रुवारीत, एकाच वाडीतून आले तर? तर तेही पुरेसे आहेत.

लोकसंख्येचं भानही ठेवावं लागतं. आषाढी एकादशीला पंढरपुरात लाखो वारकरी येतात. त्या आठवड्यात तिथल्या दवाखान्यांत रुग्ण वाढले म्हणजे लगेच रोग वाढला असं होत नाही. माणसंच वाढलेली असतात. म्हणूनच रुग्णांचा आकडा 'किती माणसांमागे' हे विचारल्याशिवाय वाचायचा नसतो.

काही रोगांच्या बाबतीत मात्र ही सरासरी बाजूला ठेवायची. पोलिओ, प्लेग, निपाह यांचा एक रुग्ण म्हणजेच साथीचा इशारा. ज्या तालुक्यात एखादा रोग आजवर कधी दिसलेलाच नाही, तिथे त्याचा पहिला रुग्णही तसाच मानायचा.

२. नोंद होते कुठे?

देशात साथरोगांवर लक्ष ठेवण्यासाठी २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्याची रचना तीन पायऱ्यांची आहे. त्या नीट समजल्या की पुढचं सगळं सोपं होतं.

समजा, एका वाडीत दहा वर्षांच्या मुलाला ताप आला. आशाताईंनी किंवा उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेनं त्याला पाहिलं आणि 'ताप' म्हणून नोंद केली. ही फक्त लक्षणाची नोंद, हिला 'एस' फॉर्म म्हणतात. मग मुलगा प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला. डॉक्टरांनी तपासून 'डेंगी असावा' असं लिहिलं. हा डॉक्टरांचा अंदाज, तो 'पी' फॉर्ममध्ये जातो. रक्त तपासलं, अहवाल आला, डेंगी निघाला. ती प्रयोगशाळेची नोंद 'एल' फॉर्ममध्ये. पूर्वी हे कागद सोमवार ते रविवार असा आठवडा धरून तालुक्याला आणि जिल्ह्याला जात. २०२१ पासून नव्या ऑनलाइन व्यवस्थेत नोंदी थेट मोबाइल किंवा टॅबवरून, रुग्णागणिक भरता येतात.

एकाच मुलाची नोंद तीनदा कशाला, असं कुणालाही वाटेल. पण तिसऱ्या नोंदीची वाट पाहत बसलं तर उशीर होतो. पहिली नोंद कच्ची असते, पण लवकर मिळते. तिसरी पक्की असते, पण ती येईपर्यंत दिवस गेलेले असतात. एका वाडीत आठवड्यात तापाच्या पंधरा नोंदी झाल्या तर निदान काहीही असो, तिथे जायला हवं, एवढं पहिल्या पायरीवरच कळतं.

या यंत्रणेचं खरं बळ तिच्या पायाशी असलेल्या कामात आहे, असं मला वाटतं. आरोग्यसेवक पंधरवड्यातून एकदा घरोघरी जाऊन "घरात कुणाला ताप?" असं विचारतो. असेल तर बोट टोचून काचेच्या एकाच पट्टीवर रक्ताचा एक जाड आणि एक पातळ थर घेतो. जाड थरात हिवतापाचे परजीवी सापडायला सोपे जातात, पातळ थरात त्यांची जात ओळखता येते. पातळ थर वाळला की त्यावर शिसपेन्सिलीनं पट्टीचा क्रमांक लिहायचा. तो चुकला तर एकाचा हिवताप दुसऱ्याच्या नावावर जातो. गावाच्या नळाच्या पाण्याची ओटी चाचणी हेही असंच काम. परीक्षानळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे, नाही झालं तर टाकीत टीसीएल पावडर पडलेली नाही किंवा पडली ती जुनी, दम गेलेली होती. शेवटच्या घराच्या नळाला पाणी पिवळं होणं महत्त्वाचं, टाकीजवळ होऊन भागत नाही. पाण्याच्या व्यवस्थेची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. लाल म्हणजे धोका जास्त. तुमच्या ग्रामपंचायतीचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, ते जरूर विचारा.

३. 'व्याख्या' कशासाठी?

दहा डॉक्टर दहा तऱ्हांनी 'डेंगी' लिहू लागले तर आकड्यांची बेरीज करण्यात अर्थ उरणार नाही. म्हणून प्रत्येक रोगासाठी एक व्याख्या ठरवलेली असते. डेंगीचा संशय कधी धरायचा? दोन ते सात दिवसांचा ताप आणि त्याबरोबर डोकेदुखी, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंगदुखी, सांधेदुखी, पुरळ, रक्तस्राव यांपैकी किमान दोन लक्षणं. ही व्याख्या मोजणीसाठी असते. उपचार करताना डॉक्टर स्वतःची बुद्धी वापरतातच.

व्याख्या मुद्दाम सैल ठेवण्यातही शहाणपण असतं. त्याचा उत्तम नमुना पोलिओ मोहिमेत दिसला. १९९७ पासून भारतात पंधरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या अचानक आलेल्या लुळेपणाची नोंद घेतली जाऊ लागली, कारण काहीही असो. 'पोलिओ वाटला तर कळवा' असं डॉक्टरांना सांगितलं असतं तर शंकेची प्रकरणं गाळली गेली असती. मुलाच्या शौचाचे दोन नमुने, किमान २४ तासांच्या अंतरानं आणि लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत घ्यायचे आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोचवायचे, असा दंडक घातला.

पोलिओ नसला तरी इतर कारणांनी काही मुलांना लुळेपणा येतोच. म्हणजे एखाद्या जिल्ह्यानं वर्षभरात 'एकही नाही' असं कळवलं तर त्याचा अर्थ मुलं ठणठणीत आहेत असा धरत नसत. तिथे कुणी शोधतच नाही, असा धरत. शोध नीट चालू आहे याचा पुरावाच त्या इतर रुग्णांच्या संख्येतून मिळत असे. या जाळ्यातून भारतातल्या नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात नोंदवला गेला आणि मार्च २०१४ मध्ये भारताचा पोलिओमुक्तीचा दाखला आला. 'शून्य रुग्ण' हे शब्द तेव्हाच खरे ठरतात, जेव्हा कुणीतरी शोधून मग ते लिहिलेले असतात.

४. विहीर की बोअर?

आकडा वाढला, पथक गावात पोचलं. पुढे काय? सर्वांत आधी यादी: नाव, वय, घर, लक्षणं कोणत्या तारखेला सुरू झाली, पाणी कुठलं पितात. एवढ्या साध्या यादीतून बरंच उलगडतं. तारखा मांडल्या आणि सगळे रुग्ण दोन दिवसांत एकदम दिसले, तर एखाद्या जेवणावळीतलं अन्न किंवा एका दिवशी दूषित झालेलं पाणी शोधायचं. रुग्ण तीन आठवडे हळूहळू वाढत असतील तर एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा रोग किंवा डासांची पैदास शोधायची.

पुन्हा एक काल्पनिक हिशेब. गावात १२० माणसं सार्वजनिक विहिरीचं पाणी पितात, त्यांतली ३६ आजारी पडली. १५० माणसं बोअरचं पाणी पितात, त्यांतली ६ आजारी पडली. विहिरीवाल्यांत शंभरातली ३०, बोअरवाल्यांत शंभरातली ४. विहिरीचं पाणी पिणाऱ्यांत आजारी पडण्याचं प्रमाण साडेसातपट. पाण्याच्या नमुन्याचा अहवाल यायला वेळ लागेल. पण ही त्रैराशिकाची मांडणी झाल्यावर विहीर बंद करून टँकर लावायला अहवालाची वाट पाहायची गरज नाही.

निदान पक्कं करायला प्रयोगशाळा लागतेच, कारण डोळ्यांना दिसणारा ताप फसवतो. २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात तापाचे रुग्ण वाढले. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत गेले तेव्हा आधी चिकुनगुनिया निघाला. शोध तिथेच थांबला असता तर प्रकरण मिटलं असतं. आणखी नमुने तपासले आणि झिकाचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण हाती लागला. झिकाचा धोका मुख्यतः पोटातल्या बाळाला असतो. त्यामुळे गावातल्या गरोदर स्त्रियांकडे लक्ष देणं लगेच गरजेचं झालं.

५. पुणे, जानेवारी २०२५

फॉर्मवर जे छापलेलं नाही ते कसं पकडायचं? या प्रश्नाचं उत्तर पुण्यात मिळालं. गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. पायांत मुंग्या, मग अशक्तपणा, तो वर चढत गेला तर श्वासाचे स्नायूही थकतात. वर्षाकाठी लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा हा आजार. तो एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही, पण त्याच्या आधी बरेचदा पोटाचा किंवा श्वसनाचा संसर्ग झालेला असतो.

जानेवारी २०२५ मध्ये शहरातल्या रुग्णालयांत असे रुग्ण एकापाठोपाठ येऊ लागले. मज्जाविकारतज्ज्ञांना ते खटकलं आणि त्यांनी आरोग्य खात्याला कळवलं. रुग्णांचे पत्ते नकाशावर मांडले तेव्हा सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी असा एकच पट्टा उमटला. शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. दोन्ही दूषित अन्नपाण्यातून पोटात जातात. लक्ष पाण्याकडे वळलं, विहिरीपासून टँकरपर्यंत नमुने तपासले गेले, घरोघर सर्वेक्षण झालं. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि काहींचे प्राण गेले.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुलाला जीबीएस झाला तर तो लुळेपणाच्या नोंदीत आपोआप येतो, कारण पोलिओसाठी विणलेलं जाळं तिथे आहे. मोठ्या माणसांसाठी तसं जाळं नव्हतं. तिथे उपयोगी पडली ती 'हे नेहमीचं नाही' असं वाटून कळवणाऱ्या डॉक्टरांची नजर. म्हणून प्रत्येक जिल्ह्याच्या सर्वेक्षण अधिकाऱ्याचा फोन नंबर प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर असला पाहिजे, आणि तो फोन उचलला गेला पाहिजे.

६. माहितीचा परतीचा प्रवास

इथवर माहिती खालून वर गेली. ती वरून खाली आली नाही तर सगळी मेहनत वाया जाते. दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला मोजक्याच गोष्टी हव्या असतात: सध्या या भागात काय फिरतंय, संशय कुणावर घ्यायचा, कोणता नमुना कधी घेऊन कुठे पाठवायचा, अहवाल येईपर्यंत काय द्यायचं आणि काय द्यायचं नाही, कुणाला कळवायचं.

सिंधुदुर्गातल्या माकडतापाचं उदाहरण घेऊ. हा रोग १९५७ साली कर्नाटकात, तेव्हाच्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. तिथे माकडं मरत होती आणि जंगलात जाणारी माणसं तापानं फणफणत होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, त्याचा विषाणू शोधला. तो गोचिडीच्या चाव्यातून माणसात येतो. अनेक दशकं हा रोग त्या परिसरापुरता राहिला. मग सह्याद्रीच्या रांगेनं इतरत्र दिसू लागला: २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात.

आता दोडामार्गच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा विचार करा. समोर काजूच्या बागेतून आलेला मजूर. सणकून ताप, डोकं ठणकतंय, अंग मोडून आलंय, डोळे लाल, रक्तात प्लेटलेट उतरलेल्या. पुस्तकी नजरेला हा डेंगी वाटेल. डेंगीची चाचणी निगेटिव्ह येईल आणि रुग्ण 'विषाणूजन्य ताप' म्हणून घरी जाईल. पण महिना फेब्रुवारी आहे, कोरडा. बागेलगत जंगल आहे. आणि गेल्याच आठवड्यात तिथे माकड मेलेलं कुणीतरी पाहिलं आहे. या तीन गोष्टी एकत्र आणणारी एक पानाची सूचना टेबलावर असेल तर डॉक्टर नमुना घेऊन योग्य ठिकाणी पाठवतील, रक्तस्रावाची लक्षणं पाहत राहतील. पहिला ताप उतरल्यावर काहींना आठ-पंधरा दिवसांनी तो पुन्हा उलटतो आणि मेंदूची लक्षणं दिसू शकतात, हे घरच्यांना सांगून ठेवतील. या रोगावर नेमकं औषध नाही. वेळेवर ओळखून शरीरातलं पाणी टिकवणं आणि रक्तस्राव सांभाळणं यावरच जीव अवलंबून असतो. मेलेल्या माकडाची खबर वनखात्याकडून आरोग्य खात्याकडे आणि तिथून दवाखान्यात पोचणं, हा उपचाराचाच भाग आहे.

मुंबईत लेप्टोस्पायरोसिसबाबत हेच घडलं. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर या आजारानं शहरात अनेकांचा बळी घेतला. आता अतिवृष्टी झाली की साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरी सल्ल्यानं प्रतिबंधक गोळी घ्यावी, अशी सूचना महापालिका काढते. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी औषध वेगळं असतं. हा सल्ला तीन दिवसांत पोचला तरच कामाचा. आठवड्यानं पोचलेलं परिपत्रक फायलीला लावण्यापलीकडे उपयोगाचं नाही.

७. खासगी दवाखान्याचं काय?

बहुतेक माणसं तापासाठी आधी जवळच्या खासगी डॉक्टरकडे जातात. सर्वेक्षणाचं जाळं सर्वांत विरळ तिथेच आहे. तसं व्हायचं काही कारण नव्हतं. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला तो अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या, खासगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांनी. रुग्णाच्या घरी जाऊन, गाठ पाहून त्यांनी रोगाचं नाव उघडपणे घेतलं. अनेकांना ते मान्य नव्हतं, पण निदान खरं ठरलं.

आजच्या डॉक्टरांची अडचण समजण्यासारखी आहे. गर्दी, कागदपत्रांचा जाच, आणि माहिती दिली तर उलट चौकशीच मागे लागेल ही भीती. क्षयरोगाची नोंद २०१२ पासून सर्वांना सक्तीची आहे. सक्तीनं नोंदी वाढतात, हे खरं. पण कळवणाऱ्याला काहीच परत मिळालं नाही तर तो कळवणं थांबवतो किंवा उरकून टाकतो. जिल्ह्यानं दर आठवड्याला एक पान पाठवावं: या आठवड्यात कोणत्या तालुक्यात काय वाढलं, तुमच्या नमुन्याचं काय झालं. याला खर्च जवळजवळ नाही, आणि माझ्या मते सक्तीपेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

या साखळीची पहिली कडी आपण आहोत. दवाखान्यात जाताना ताप नेमका कोणत्या तारखेला सुरू झाला, ते लिहून न्या. डेंगीची एक चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, दुसरी त्यानंतर. तारीख चुकली तर चाचणीही चुकते. गेल्या पंधरा दिवसांत कुठे गेला होतात, पाणी कुठलं प्यालात, जनावरांशी किंवा जंगलाशी संबंध आला का, हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगा. आळीत तीन-चार घरांत एकच त्रास दिसला, उंदीर किंवा माकडं मेलेली दिसली, तर वाट न पाहता आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात कळवा. आणि आरोग्यसेवक दारात येऊन "कुणाला ताप?" असं विचारेल तेव्हा त्याला दारातूनच "कुणाला नाही" म्हणून वाटेला लावू नका. घरात विचारून मग उत्तर द्या.